बाईंना कुठे टोचते?

३ सप्टेंबर, मंगळवार

ही वही भाचीची. कॉलेजच्या टिपणांसाठी आणली होती, पण कागदावर तिचे पेन अडखळते म्हणून माझ्याकडे आली. म्हणाली, "मामा, दिवसभर जे पुटपुटतोस ते यात लिही. निदान मला अभ्यास तरी करता येईल." म्हणून लिहितो. शिक्षण सातवीपर्यंत, चुका होणारच. वही कुणाच्या हाती लागू नये म्हणून गादीखाली ठेवणार आहे. गादीखाली ठेवल्यावर पाठीला लागेल, तेही बघावे लागेल.

मी कवळ्या करतो. दातांच्या दवाखान्यात मागच्या खोलीत माझे टेबल आहे, तीस वर्षे झाली. ठसा घेणे, साचा ओतणे, मेणात दात मांडणे, घासणे, पॉलिश, सगळे माझ्याकडे. डॉक्टर माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. मी त्यांना साहेब म्हणतो, ते मला काका म्हणतात.

तर मुख्याध्यापिकाबाई. निवृत्त झाल्या, पण आवाज अजून शाळेतच आहे. वरच्या दातांची पूर्ण कवळी मी त्यांना जूनमध्ये करून दिली. आज त्या नवव्यांदा परत आल्या.

"कारागीर, टोचतंय."

"कुठे?"

"इथे."

मागच्या मंगळवारी 'इथे' डावीकडे होते. आज उजवीकडे.

आमच्या धंद्यात टोचण्याला पुरावा असतो. हिरडी लाल होते. शिवाय कवळीच्या आतून पांढरी पेस्ट लावून ती तोंडात बसवली की जिथे दाब पडतो तिथली पेस्ट पुसून जाते. बाईंची हिरडी लहान मुलासारखी गुलाबी. पेस्ट सगळीकडे सारखी. म्हणजे टोचत नाही. पण बाई म्हणतात टोचते. एवढ्या मोठ्या बाईंना खोटे कसे पाडायचे? मी भिंग लावून पाहिल्यासारखे केले, "सापडलं बघा" म्हणालो आणि केसभर घासले. दर वेळी असेच करतो. त्या खूश होऊन गेल्या.

त्या गेल्यावर साहेबांनी बोलावले. म्हणाले, "काका, एकच कवळी नऊ वेळा परत येते? आता बाहेर मोठी लॅब निघाली आहे, यंत्रावर कवळ्या करतात. महिनाअखेरपर्यंत बाईंची तक्रार मिटली नाही, तर आपण सगळंच काम तिकडे देऊ. तुम्हीही दमलात. तुमच्या खोलीत एक्स-रेचं मशीन बसेल."

मी हो म्हणालो. बाहेर आल्यावर कळले की कशाला हो म्हणालो ते. नाडी मोजली. अठ्ठ्याऐंशी.

४ सप्टेंबर, बुधवार

भाचीला विचारले, की एखाद्याला दुखते म्हणतो पण कुठे काही दिसत नाही, तर खरे काय ते कसे ओळखावे. ती तत्त्वज्ञान शिकते. तिने पुस्तक मिटले, म्हणजे विषय गंभीर होता.

"मामा, यावर लोकांनी हजारो पानं लिहून ठेवली आहेत. दुसऱ्याला काय वाटतं हे आपल्याला थेट कधीच कळत नाही. चेहरा दिसतो, शब्द ऐकू येतात. आत काय आहे हा नुसता अंदाज. आत कुणी आहे की नाही, हासुद्धा."

"आत कुणी नाही म्हणजे?"

"म्हणजे नुसतं चालतंबोलतं यंत्र असू शकेल."

"तूसुद्धा?"

"मीसुद्धा," म्हणाली आणि चहात साखर ढवळायला लागली.

मी तिला जन्मापासून ओळखतो. तिचे दुधाचे दात माझ्याकडे डबीत आहेत. पण ती ढवळत होती ते अगदी आमच्या पॉलिशच्या चाकासारखे, एका लयीत. मला घाम फुटला. विचारले, "मग माझ्या आत कुणी आहे हे तुला कसं कळतं?"

"तुझ्या आत नक्की आहे रे. यंत्र एवढी काळजी करत नाही."

६ सप्टेंबर, शुक्रवार

दोन दिवस कामात लक्ष नाही. फळीवर शंभरेक साचे आहेत, प्लास्टरचे जबडे. बिजागरीवर चढवले की उघडझाप करतात. आजवर मी त्यांना माल समजत होतो. आज वाटले, यांच्यावर चेहरा लावला आणि आतून कुणी "उत्तम, उत्तम" म्हणाले, तर आमच्या साहेबांत आणि यांच्यात फरक काय? साहेब सगळ्याला "उत्तम" म्हणतात.

परीक्षा घेतली. म्हणालो, "साहेब, माझं डोकं दुखतंय."

"उत्तम, उत्तम," साहेब फाईल वाचत म्हणाले.

मी माझ्या खोलीत जाऊन दार लावून घेतले.

१० सप्टेंबर, मंगळवार

बाई दहाव्यांदा. मी ठरवून टाकले होते की आज स्पष्ट बोलायचे. तीन वेळा पाणी प्यालो.

"बाई, तुम्हाला टोचतं की नाही हे मला कधीच कळणार नाही. मोठमोठ्या लोकांनाही कळलेलं नाही. हजारो पानं झाली."

बाईंनी चष्मा काढला. "म्हणजे मी खोटं बोलते?"

"नाही नाही! तुमच्या आत कुणी आहे की नाही इथपासूनच शंका आहे."

मला वाटले आता पायाचे अंगठे धरायला सांगतात. पण बाई एवढ्या हसल्या की खुर्ची करकरली. "चाळीस वर्षं शाळा चालवली, पण हे मला तोंडावर सांगणारे तुम्ही पहिले. बसा. नीट समजावून सांगा."

मी भाचीचे सगळे सांगितले. जिथे विसरलो तिथे त्यांनी प्रश्न विचारून माझ्याकडून काढून घेतले. सातवीनंतर मला कुणी एवढे प्रश्न विचारलेले नाहीत, आणि सातवीत एकाचेही उत्तर आले नव्हते. दीड तास कसा गेला कळले नाही. मध्येच त्यांनी पिशवीतून सफरचंद काढले आणि पुढच्या दातांनी कराकरा खाल्ले. बसत नसलेल्या कवळीने सफरचंद चावता येत नाही, वरची खाली येते. म्हणजे बाई हे सगळे वेदना सोसून करत होत्या. केवढी ही सहनशक्ती!

"सापडलं बघा" म्हणून केसभर घासले.

११ सप्टेंबर, बुधवार

भाचीने युक्ती सांगितली. तिच्या पुस्तकातले लोक म्हणतात, की दुखणे खरे की खोटे हा प्रश्न कंसात टाकायचा आणि समोर जे दिसते तेवढे, जसे दिसते तसे लिहायचे. मी म्हणालो, कंस तर आधी सोडवायचा असतो, त्यासाठी मास्तरांनी मला छडी मारली होती.

"इथे सोडवायचा नसतो मामा. तसाच ठेवायचा."

हे तेव्हा सांगितले असते तर मी आठवीत गेलो असतो.

१५ सप्टेंबर, रविवार

प्रयोग केला. लाल डाग न पडता टोचू शकते का, हे स्वतःच्या तोंडात पाहायचे ठरवले. माझे दात शाबूत आहेत, त्यामुळे कवळीचे सुखदुःख मला ठाऊक नाही, ही माझ्या ज्ञानातली मोठीच फट. स्वतःचा ठसा घेतला, टाळूला बसेल अशी गुलाबी पट्टी केली आणि तिच्यावर मुद्दाम बारीक कण ठेवून दिला. सकाळी सातला घातली.

साडेसातला दूध आणायला गेलो, तर दूधवाल्याने मला खुर्चीत बसवले. मी "अर्धा लिटर" म्हणालो होतो, पण पट्टीमुळे ते तसे बाहेर आले नाही. त्याने 'अर्धांगवायू झालाय' म्हणून घरी फोन केला. भाची चपला न घालता धावत आली.

"मामा, हस. हस बघू! दोन्ही हात वर कर!"

मी हात वर केले. हसलो. पट्टी घसरली आणि हसू एका बाजूला गेले. ती रडायलाच लागली. तिने साहेबांना बोलावले. साहेब रविवारच्या कपड्यांत आले, टॉर्च लावून तोंडात पाहिले आणि दोन बोटांनी पट्टी बाहेर काढली. बराच वेळ ती बघत राहिले.

"काम उत्तम आहे," म्हणाले. "पण काका, का?"

मी म्हणालो, "ज्ञानासाठी."

दुपारपर्यंत टाळूवर लाल डाग. म्हणजे माझे टोचणे डाग पाडते, बाईंचे पाडत नाही. बाईंचे टोचणे माझ्यापेक्षा सूक्ष्म जातीचे आहे. एवढे शिकलेल्या माणसाचे असणारच.

भाचीचे डोळे संध्याकाळपर्यंत लाल होते. यंत्र असे रडत नाही असे मला वाटते, पण हाही अंदाजच.

१७ सप्टेंबर, मंगळवार

(बाईंना खरोखर टोचते का?)

हा प्रश्न असा कंसात टाकला. आता फक्त जे दिसले ते लिहितो.

बाईंची वेळ साडेचारची. आल्या चारला दहा कमी असताना. चष्म्याला नवी साखळी. साबणाचा वास. रुग्णाच्या खुर्चीत न बसता माझ्या टेबलाजवळच्या स्टुलावर बसल्या. बसण्यापूर्वीच "टोचतंय" म्हणाल्या, हजेरी दिल्यासारखे, आणि मग पाऊण तास त्याचे नाव नाही. मेणात दात कसे मांडतात ते पाहिले. सुळा जरा तिरका ठेवला की माणूस खरा वाटतो, हे मी त्यांना दाखवले. त्यांनी दोन दात स्वतः मांडले, वाकडे. मी काढले नाहीत.

मग म्हणाल्या, "मिस्टर गेल्याला नऊ वर्षं झाली. चार वाजले की घर फार मोठं होतं, कारागीर."

मी त्यांना सांगितले की घराचा आकार वाढत नसतो, ओल आली तर भिंती थोड्या फुगतात तेवढेच. त्यांनी चष्म्याची साखळी सरळ केली. मग म्हणाल्या, "तुम्ही लग्न का नाही केलंत?"

"राहून गेलं."

"हं," म्हणाल्या. त्या 'हं' च्या आत काय होते ते दिसले नाही, म्हणून लिहीत नाही.

जाताना मी कवळी मागितली, तर म्हणाल्या, "अरे हो, ती!" आणि काढून दिली. अकराव्यांदा घासली. आता भीती वाटते. कवळी टाळूला धरून राहते ती मध्ये हवा शिरत नाही म्हणून. मी अकरा केस घासले. अजून एक, आणि पकड जाईल. हे मी बाईंना सांगायला हवे होते. सांगितले असते तर "मग आधी कशाला घासलंत?" हा प्रश्न आला असता.

भाचीने विचारले, दवाखान्यात जाताना इस्त्रीचा शर्ट कशाला. म्हणालो, प्लास्टर उडते, इस्त्री असली की झटकता येते.

२४ सप्टेंबर, मंगळवार

बाई आल्या नाहीत.

पाच वाजले. सहा वाजले. टेबल दोनदा पुसले. स्टूल जरा बाहेर ठेवले, मग लोकांच्या पायात येईल म्हणून आत घेतले. साहेब दारात येऊन म्हणाले, "आज तक्रार नाही? उत्तम! म्हणजे बसली एकदाची." माझे टेबल वाचले असे दिसते. आनंद व्हायला हवा. झाला नाही. आम्लपित्त असावे. घरी येऊन गोळी घेतली.

"काय होतंय?" भाचीने विचारले.

"जळजळ."

"कुठे?"

"इथे."

थोड्या वेळाने पुन्हा विचारले. मी दाखवले.

"मघाशी डावीकडे होतं, मामा."

मी म्हणालो, जळजळ सरकते. ती पुस्तक तोंडासमोर धरून बसली. पुस्तक हलत होते.

२६ सप्टेंबर, गुरुवार

आज जे झाले ते सुसंगत लिहायचा प्रयत्न करतो. नाडी अजून शंभरावर आहे.

दुपारी बाई आल्या. तोंडाला रुमाल, हातात डबी. त्या थेट साहेबांच्या खोलीत गेल्या. मला बोलावणे आले.

रविवारी माजी विद्यार्थ्यांनी बाईंचा सत्कार केला. बाई शिस्तीवर बोलत होत्या. 'शिस्त' म्हणताना कवळी सुटली, टेबलावर आपटली आणि पहिल्या रांगेपर्यंत गेली. एक विद्यार्थी आता पोलिसात मोठा साहेब आहे. त्याने ती उचलली, सलाम ठोकला आणि परत केली. हे सगळे बाईंनी साहेबांच्या औषधांच्या चिठ्ठीवर लिहून सांगितले, कारण कवळीशिवाय त्यांना बोलायचे नव्हते. अक्षर फळ्यावर असते तसे.

साहेब माझ्याकडे वळले. "काका, झालं. मी बोललो होतो. आता यंत्रावरच करून घेऊ. तुम्ही सोमवारपासून..."

बाईंनी टेबलावर तळहात आपटला. औषधांच्या बाटल्या वाजल्या. साहेब सरळ बसले, मीही. बाईंनी नवी चिठ्ठी घेतली आणि लिहिले. साहेबांनी मोठ्याने वाचले:

"कवळी पहिल्या दिवसापासून उत्तम बसली होती. मला एकदाही टोचले नाही. अकरा वेळा मी खोटे सांगितले. कारागिरांचा दोष नाही." खाली सही आणि तारीख.

मी चूळ भरायच्या भांड्यावर बसलो आणि उठलो.

साहेब म्हणाले, "पण मग आपण येत कशासाठी होता?"

बाईंनी लिहिले: "हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा आहे."

साहेबांनी बाईंकडे पाहिले. माझ्याकडे पाहिले. पुन्हा बाईंकडे. मग त्यांचा चेहरा असा काही उघडला की मी आजवर तसा पाहिला नव्हता. "उत्तम," म्हणाले, आणि या वेळी आत कुणीतरी होते, हे मी शपथेवर सांगेन. "काका, टेबल तुमचंच राहू दे. यंत्राकडे कुणी अकरा वेळा जाणार नाही. बाईंना नवी कवळी करून द्या. तोवर जुनीला पकडीची पावडर लावू."

साहेब माझ्याकडे बघून हसत होते. तोंडाला काही लागले आहे का म्हणून मी आरशात पाहून आलो. काही नव्हते.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

झोप नाही. टेबल वाचले, पण राग गेला नाही. चाळीस वर्षे मुलांना खरे बोला म्हणून शिकवणाऱ्या बाईंनी दर मंगळवारी मला फसवावे? भाचीला म्हणालो, "तुझे हजारो पानांवाले बरोबर होते. दुसऱ्याचं मन कळणं शक्यच नाही."

तिने तिचे जाड पुस्तक कपाळावर आपटून घेतले. "मामा, हे दुसऱ्याचं मन नाही, चौकातला फलक आहे! रस्त्यावरून जाणाऱ्याला वाचता येतो. तुला खरंच कळलं नाही?"

"काय?"

"काही नाही. तू कंसातच राहा."

मग मला आठवले, की मीही अकरा वेळा "सापडलं बघा" म्हणालो होतो. सापडले एकदाही नव्हते. हे त्यांच्या खोट्यापेक्षा वाईट, कारण त्यांनी नुसते सांगितले, मी घासले. कवळी मीच पाडली, पोलिसाच्या पायाशी. राग गेला. त्याच्या जागी लाज आली, ती जास्त टिकते.

१ ऑक्टोबर, मंगळवार

बाई आल्या, पावडर लावलेली कवळी घालून. पोलिसासारख्या ताठ. स्टुलावर न बसता रुग्णाच्या खुर्चीत बसल्या. मी नमस्कार केला. त्यांनी केला. मी कामाला लागलो.

ठशाचा लगदा कालवला, साचणीत, म्हणजे जबड्याच्या आकाराच्या थाळीत, भरला, त्यांच्या तोंडात बसवला आणि दोन बोटांनी टाळूला दाबून धरला. घट्ट होईपर्यंत चार मिनिटे धरावे लागते. या चार मिनिटांत बाईंना बोलता येत नाही, हे माझ्या लक्षात आले आणि धीर आला.

"बाई, माझंही सांगायचं आहे. मला कधीच काही सापडलं नव्हतं. नुसतं म्हणायचो. टोचत नाही हे पेस्टने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तरी घासलं. घासलं नसतं तर तुम्ही म्हणाला असता की या माणसाला काम येत नाही, आणि गेला असता दुसरीकडे."

बाईंनी भुवया वर केल्या.

"म्हणजे जायला हरकत नव्हती. तुमची मर्जी. पण मंगळवारचं... म्हणजे स्टूल रिकामं... म्हणजे जळजळ होते मला."

हे मी काय बोललो ते मला अजून नीट लावता येत नाही. पण तेवढ्यात ठसा थरथरला. बाईंचा चेहरा तसाच होता, ओठ साचणीवर मिटलेले, डोळे छताकडे. थरथर आतून, टाळूतून येत होती. मला वाटले गुदमरल्या. मग कळले, त्या हसत होत्या. कळले म्हणजे अंदाज केला असे नाही. चेहऱ्यावरून ताडले असेही नाही. हसू सरळ माझ्या दोन बोटांत आले, जसे ते माझेच असावे. आणि बोटे हसतात म्हटल्यावर मी तरी किती वेळ थांबणार? हात हलला. ठसा बिघडला. साचणी काढली तेव्हा तिच्यात हिरडीच्या जागी नुसत्या लाटा.

"वाया गेला," मी म्हणालो.

बाईंनी रुमालाने डोळे पुसले, कवळी बसवली. "पुन्हा घ्या. किती खेपा लागतील नव्या कवळीला?"

नव्या कवळीला चार खेपा लागतात. तीस वर्षे चारच लागत आहेत. मी तोंड उघडले आणि म्हणालो, "आठ."

"आठ? जूनमध्ये चारात झाली होती."

"या वेळी काळजीपूर्वक करणार आहे."

बाई उठल्या, टेबलाजवळचे स्टूल ओढून घेतले, बसल्या आणि पिशवीतून दोन सफरचंदे काढून एक माझ्यासमोर ठेवले.

"दहा धरा," म्हणाल्या.

घरी येऊन दिनदर्शिकेवर दहा मंगळवारांना खूण केली. भाचीला सांगितले, की पुढचे अडीच महिने कामाचा फार ताण राहणार आहे.

ती म्हणाली, "दिसतंय चेहऱ्यावर."

मी आरशाशी जाऊन बराच वेळ पाहिले. मला काही दिसले नाही. तिला कसे दिसते?